रिलीफ पिचरचं कार्ड मागच्या बाजूपासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याच्या बेसबॉल संघात रिलीफ पिचर, म्हणजे सामन्यात मधेच येऊन चेंडू टाकणारा, म्हणून खेळतो. सामन्याची सुरुवात करायला मिळत नाही म्हणून जरा खट्टू असतो. जुन्या काळातल्या नामवंत रिलीफ पिचरची, जुन्या धर्तीची बेसबॉल कार्डं घरी बनवून त्याला द्यायची इच्छा आहे. खेळाडू कोणते निवडावेत, रचना कोणत्या वर्षाची घ्यावी, छपाई कशी करावी, आणि हे सगळं कायद्यात बसतं का?"

मी पुण्यात ऑफसेटच्या छापखान्यात प्रीप्रेसचं, म्हणजे छपाईआधीच्या तयारीचं, काम शिकले. अमेरिकेत आल्यावर जुन्या बेसबॉल कार्डांचा, म्हणजे च्युइंगगम-सिगारेटच्या पाकिटांतून मिळणाऱ्या खेळाडूंच्या छोट्या चित्रांचा, नाद लागला आणि आता बरीच वर्षं अशी कार्डं स्वतः बनवते. त्यातली बहुतेक रिलीफ पिचरचीच असतात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. फोटो शोधायला, रंग भरायला बसू नका. आधी कार्डाच्या मागच्या बाजूचा मजकूर लिहा. तो नीट जमला तरच पुढच्या बाजूला हात घाला.

असं का, तर फलंदाजाचं कार्ड पुढच्या बाजूवरच उभं राहतं. बॅट फिरवतानाचं एक चांगलं छायाचित्र मिळालं की निम्मं काम झालं. सुरुवात करणाऱ्या पिचरचंही तसंच, त्याच्या नावावर जिंकलेले सामने असतात, आकडाच बोलतो. रिलीफ पिचरच्या बाबतीत मात्र तो करतो ते काम मोजायला अर्धं शतक आकडाच नव्हता. बेसबॉलमध्ये एकदा मैदानाबाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणून दमलेल्या किंवा मार खाणाऱ्या पिचरच्या जागी जो येतो, तो दुसऱ्याने करून ठेवलेल्या परिस्थितीत येतो. तळांवर (बेसवर) धावपटू उभे, आघाडी एका धावेची. आपल्या वाचकांना डेथ ओव्हर टाकणारा गोलंदाज आठवला की काम कळेल. सामना वाचला तर विजय बहुधा आधीच्या पिचरच्या खात्यात जातो, आणि याच्या नावापुढे काहीच लागत नाही.

हे बदललं ते 'सेव्ह' या आकड्याने. आघाडी राखून सामना संपवणाऱ्या रिलीफ पिचरच्या नावावर एक सेव्ह लागतो. १९५९ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सच्या एलरॉय फेसने १८ विजय आणि १ पराभव अशी कामगिरी केली, आणि तीही एकाही सामन्याची सुरुवात न करता. सगळीकडे वाहवा झाली. शिकागोचा क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन मात्र खोलात गेला. त्याच्या लक्षात आलं की यातल्या कित्येक सामन्यांत फेसने हातातली आघाडी घालवली होती, मग त्याच्या फलंदाजांनी पुन्हा धावा केल्या आणि विजय फेसच्या नावावर जमा झाला. उलट ज्या दिवशी त्याने आघाडी चोख राखली, त्या दिवशी त्याला काहीच मिळालं नाही. यातून १९६० मध्ये होल्ट्झमनने सेव्ह मोजायची पद्धत काढली, आणि १९६९ पासून ती अधिकृत झाली. फेस थोर होता यात शंका नाही. १९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, नंतरच्या हिशेबाने त्याचे ३ सेव्ह भरतात. पण त्याचं मोठेपण १८-१ मध्ये शोधू नये, एवढंच.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. आज कुठल्याही आकडेवारीत पाहिलंत तर वॉशिंग्टन सेनेटर्सच्या फर्पो मारबेरीपुढे १९२४ साली १५ सेव्ह, जिम कॉन्स्टँटीपुढे १९५० साली २२, यांकीजच्या जो पेजपुढे १९४९ साली २७ असे आकडे दिसतील. हे सगळे मागाहून, जुनी धावपत्रकं चाळून काढलेले आहेत. त्या त्या वर्षी ना खेळाडूला ते माहीत होते, ना प्रेक्षकाला. १९५२ च्या धर्तीचं कार्ड करून मागच्या तक्त्यात 'सेव्ह' असा रकाना टाकलात, तर जाणकार माणूस पहिल्या नजरेत कार्ड बाजूला ठेवील, आणि त्याचं बरोबरच असेल. टॉप्स या कंपनीच्या १९५२ च्या कार्डांच्या मागे आकड्यांच्या दोनच ओळी असत, एक गेल्या वर्षाची आणि एक पूर्ण कारकिर्दीची, आणि रकाने होते सामने, इनिंग, जय, पराजय वगैरे. रिलीफ पिचरला त्या तक्त्यात जागा नव्हती. त्याची जागा तक्त्यावरच्या चार-पाच ओळींच्या मजकुरात होती. तो मजकूर आता तुमच्या हातात आहे.

उदाहरण म्हणून कॉन्स्टँटीचंच घेऊ. माणूस चष्मा लावायचा, पामबॉल आणि स्लायडर या प्रकारचे चेंडू टाकायचा, वेगाने कुणाला घाबरवणारा नव्हता. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, १९५० मध्ये, तो फिलाडेल्फिया फिलीजसाठी ७४ सामने खेळला. एकाही सामन्याची सुरुवात त्याने केली नाही. १६ विजय, ७ पराभव, ईआरए (दर ९ इनिंगमागे पिचरच्या खात्यात पडलेल्या धावा, कमी तितकं चांगलं) २.६६. फिलीज लीग जिंकले आणि कॉन्स्टँटी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो मान मिळवणारा पहिला रिलीफ पिचर तोच. वर्ल्ड सिरीज आली तेव्हा संघाचे पिचर इतके थकले होते की व्यवस्थापकाने पहिल्याच सामन्याची सुरुवात कॉन्स्टँटीला करायला लावली. यांकीजविरुद्ध त्याने ८ इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि सामना १-० असा गमावला.

नवखा माणूस या कार्डाच्या मागे साधारण असं लिहितो: "जिम कॉन्स्टँटी हा आपल्या काळातला एक महान रिलीफ पिचर होता. त्याच्या अद्भुत कामगिरीमुळे संघाला यश मिळालं." यात काहीच नाही. नाव बदललं की हेच वाक्य कुणालाही लागू पडेल. मी लिहिलेला मजकूर असा आहे: "गेल्या मोसमात जिम ७४ वेळा बुलपेनमधून आला, सुरुवातीला एकदाही नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र पहिला चेंडू त्यानेच टाकला. हिवाळ्यात गावी असताना तो मित्र अँडी स्किनरला समोर बसवून सराव करतो. अँडीचा व्यवसाय अंत्यसंस्कारांचा, पण जिमचा चेंडू कुठे चुकतो हे त्याला अचूक कळतं." (बुलपेन म्हणजे राखीव पिचर सराव करत थांबतात ती जागा.) स्किनरची गोष्ट खरी आहे, त्या काळी वर्तमानपत्रांतून गाजलेली. अशी एक ठोस गोष्ट मिळाली की कार्डावरचा चेहरा माणसाचा होतो. मजकूर वर्तमानकाळात लिहायचा, कारण कार्ड १९५१ च्या वसंतात दुकानात आलं असं आपण मानतो. त्यानंतर काय झालं हे कार्डाला ठाऊक नसतं. "पुढे त्याला तसं यश मिळालं नाही" हे वाक्य खरं असलं तरी कार्डावर चालणार नाही.

मजकूर छापायच्या आधी दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि पुढची व मागची बाजू शेजारी ठेवून वाचायला सांगा. टॉप्ससारख्या कंपनीकडून १९५२ साली काय झालं ते पाहा. जो पेजच्या कार्डामागे जॉनी सेनचा मजकूर छापला गेला आणि सेनच्या कार्डामागे पेजचा. दोघांचे क्रमांक लागोपाठचे, ४८ आणि ४९. पुढच्या छपाईत ते सुधारलं, पण चुकलेली कार्डं आज संग्राहक मुद्दाम शोधतात. यातला योगायोग मला फार आवडतो. पेज हा त्या काळचा सगळ्यात गाजलेला रिलीफ पिचर, आणि सेन तोवर सामने सुरू करणारा म्हणून ओळखला जायचा. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, सेन पूर्णपणे बुलपेनमध्ये गेला आणि मागाहून केलेल्या हिशेबात त्या वर्षीचे अमेरिकन लीगमधले सर्वाधिक सेव्ह त्याच्याच नावावर निघाले.

आता रचनेबद्दल. कार्डावर नेहमी मागच्या मोसमाची कामगिरी असते, हे धरून चाला. १९५० चा पराक्रम दाखवायचा तर रचना १९५१ ची, १९५२ चा दाखवायचा तर १९५३ ची. कॉन्स्टँटीसाठी बोमन या कंपनीच्या १९५१ च्या कार्डाचा आकार घ्या, २.०६ × ३.१२५ इंच, अरुंद आणि उभा, रंगवलेल्या चित्रासारखा चेहरा. त्याच वर्षी टॉप्सने ऑल-स्टार खेळाडूंचा एक छोटा संच काढला होता. त्यातली तीन कार्डं पाकिटांत कधी गेलीच नाहीत आणि त्यांच्या फारच थोड्या प्रती आज माहीत आहेत. त्या तिघांतला एक कॉन्स्टँटी. तुमच्याकडे ते कार्ड येण्याचा संभव नाही, माझ्याकडेही नाही. अशा ठिकाणी आपण बनवलेल्या कार्डाला खरा अर्थ येतो.

१९५२ ची टॉप्स रचना सगळ्यांनाच हवीहवीशी वाटते. साय बर्गर आणि वूडी गेलमन यांनी ती आखली. ४०७ कार्डांचा संच, आकार २.६२५ × ३.७५ इंच, कृष्णधवल छायाचित्रांवर हाताने चढवलेले रंग, खाली नावाची चौकट आणि तिच्यात सही. तुमच्या मुलाला पहिल्या नजरेत आवडेल ती हीच. पण सगळ्यांना याच कपड्यात उभं करू नका. मारबेरीला १९५२ च्या चौकटीत बसवणं म्हणजे पूर्ण विसंगती. त्याच्यासाठी गाउडी कंपनीच्या १९३३ च्या कार्डांसारखी रचना घ्या, एकरंगी भडक पार्श्वभूमी आणि जवळजवळ चौकोनी आकार. त्याहूनही मागे गेलात तर न्यूयॉर्क जायंट्सचा ओटिस क्रँडल आहे. व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉच्या संघात तो मोडकळीला आलेले सामने सावरायला यायचा, म्हणून त्याला 'डॉक' हे नाव पडलं. तंबाखूच्या पाकिटांतून १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या टी२०६ संचात त्याचं खरंखुरं कार्ड आहे, एकात टोपी घातलेला, दुसऱ्यात बोडका. ती कार्डं एवढीशी, १.४४ × २.६२५ इंचांची, आणि त्यांच्या मागे फक्त सिगारेटची जाहिरात. म्हणजे मजकुराला जागाच नाही. म्हणून मी क्रँडलपासून सुरुवात करू नका असं सांगेन.

१९५२ हे वर्ष रिलीफ पिचरसाठी विलक्षण होतं आणि तुम्ही संचाचा मध्य तिथेच ठेवावा असं मला मनापासून वाटतं. त्या वर्षी दोन नवे पिचर आले. जायंट्सकडे होयट विल्हेल्म, एकोणतीस वर्षांचा, दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत जखमी होऊन पर्पल हार्ट पदक मिळवलेला. त्याचा नकलबॉल स्वतःभोवती फिरतच नसे, हवेत डुलत यायचा आणि त्याला झेलणाऱ्या कॅचरचीही परीक्षा पाहायचा. ७१ सामने, १५ विजय, ३ पराभव, आणि २.४३ हा नॅशनल लीगमधला सर्वोत्तम ईआरए. पहिल्यांदा बॅट हातात घेतली त्या वेळी होम रन मारला, आणि पुढच्या वीस वर्षांत पुन्हा एकही नाही. रिलीफ पिचर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला माणूस तोच, १९८५ मध्ये. दुसरा ब्रुकलिन डॉजर्सचा जो ब्लॅक. ५६ सामने, त्यातले ५४ बुलपेनमधून, १५ विजय आणि ४ पराभव, वर्षाचा सर्वोत्तम नवोदित. त्याचा ईआरए २.१५ विल्हेल्मपेक्षाही चांगला होता, पण इनिंग कमी पडल्याने तो मान हुकला. कॉन्स्टँटीसारखंच त्यालाही वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना सुरू करायला सांगितलं. १ ऑक्टोबर १९५२ रोजी एबेट्स फील्डवर त्याने यांकीजना ४-२ ने हरवलं. वर्ल्ड सिरीजचा सामना जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय पिचर. या दोघांची कार्डं १९५२ च्या संचाच्या शेवटच्या मालिकेत आहेत, ३११ ते ४०७ क्रमांकांच्या. यांकीजच्या मिकी मँटलचं प्रसिद्ध कार्डही त्याच मालिकेतलं. ही मालिका मोसम सरत आल्यावर निघाली, दुकानांत नीट खपली नाही, आणि उरलेला साठा बर्गरने १९६० मध्ये बार्जवर लादून अटलांटिकमध्ये टाकून दिला. म्हणून ती खरी कार्डं महाग आहेत. ब्लॅकसाठी १९५३ च्या रंगीत बोमनची धर्ती वापरा. तिच्या पुढच्या बाजूला एक अक्षरही नसतं, नुसतं रंगीत छायाचित्र आणि भोवती पांढरी कड. ब्लॅकचा चेहरा असा मोकळा ठेवण्याजोगा आहे.

पेजबद्दल एक गोष्ट राहिली. १९४७ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात त्याने शेवटच्या ५ इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही. त्या वर्षी बाजारात च्युइंगगमबरोबर मिळणारा मोठा संच नव्हता. युद्धामुळे थांबलेली ती परंपरा बोमनने १९४८ मध्ये पुन्हा सुरू केली, ४८ छोट्या कृष्णधवल कार्डांनी. पेजला त्याच कृष्णधवल धर्तीत करा. रंग भरायचे कष्ट वाचतील आणि काळही बरोबर बसेल. पुढे १९५४ मध्ये तो पायरेट्सकडून पुनरागमन करू पाहत होता, तेव्हा त्याचा फोर्कबॉल पाहून एक तरुण तो चेंडू शिकला. तो तरुण म्हणजे एलरॉय फेस. पेज आणि फेस यांची कार्डं संचात लागोपाठ ठेवा.

फेसला १९६० ची आडवी रचना शोभते. १९५७ पासून टॉप्सने आकार २.५ × ३.५ इंच केला, तोच आजपर्यंत चालू आहे. प्लॅस्टिकचे साधे स्लीव्ह याच मापाचे मिळतात. १९५२ ते ५६ च्या मापाला मोठे स्लीव्ह वेगळे मागावे लागतात, ते आधीच आणून ठेवा.

सत्तरच्या दशकात रिलीफ पिचरला एकदम मान मिळाला. डेट्रॉइटचा जॉन हिलर १९७१ च्या जानेवारीत हृदयविकाराचा झटका येऊनही परतला आणि १९७३ मध्ये त्याने ३८ सेव्हचा तेव्हाचा विक्रम केला. डॉजर्सचा माइक मार्शल १९७४ मध्ये १०६ सामने खेळला आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवणारा पहिला रिलीफ पिचर ठरला. पण यांची खरी कार्डं बाजारात भरपूर आहेत आणि साध्या अवस्थेतली स्वस्तात मिळतात. ती विकत घ्या. खरं कार्ड परवडत असताना घरी दुसरं करण्यात काही हशील नाही.

छायाचित्रांसाठी पहिला थांबा म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेस. तिथल्या बेन न्यूज सर्व्हिसच्या संग्रहात क्रँडलच्या काळातले जायंट्स सापडतात, आणि नॅशनल फोटो कंपनीच्या संग्रहात वॉशिंग्टनचे खेळाडू, मारबेरीसकट. मोठ्या आकाराच्या फायली फुकट उतरवून घेता येतात. त्यानंतरच्या काळासाठी वर्तमानपत्रांच्या जुन्या छायाप्रती लिलावात मिळतात. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. छायाचित्राचा कागद विकत घेतला म्हणजे त्याचा हक्क विकत घेतला असं होत नाही.

कोणतंही छायाचित्र घेण्याआधी ते कोणत्या वर्षाचं आहे हे गणवेशावरून ओळखायला शिका. १९५१ मध्ये नॅशनल लीगच्या सगळ्या संघांच्या बाहीवर लीगच्या ७५ वर्षांचं चिन्ह होतं. ते दिसलं की छायाचित्र १९५० चं नाही हे निश्चित. फिलीजचा लाल रेघांचा गणवेश १९५० चा. डॉजर्सच्या शर्टावर पुढे लाल आकडा आला तो १९५२ पासून, म्हणून जो ब्लॅकला रंगवताना निळ्या अक्षरांखालचा आकडा लालच हवा. पायरेट्स १९५७ पासून बिनबाह्यांचा शर्ट घालू लागले. हे चुकलं तर सुंदर रंगकामही फुकट जातं. आणि शक्य तिथे वॉर्म-अप जॅकेटमधला किंवा बुलपेनमधला फोटो निवडा. पोलो ग्राउंड्सवर, विल्हेल्मच्या घरच्या मैदानावर, बुलपेन चक्क आउटफील्डच्या आत, खेळाच्या हद्दीत होतं. तिथला पिचर सामना चालू असताना मैदानाच्या एका कडेला बसलेला असे. असा फोटो मिळाला तर तो सोडू नका.

कायद्याचं थोडक्यात सांगते. मी वकील नाही, पण ही पथ्यं पाळते. अमेरिकेत प्रकाशनाला ९५ वर्षं पूर्ण झालेली छायाचित्रं मोकळी असतात, त्यामुळे क्रँडल आणि १९२४ च्या सुमाराचा मारबेरी सोपे. पन्नाशीतल्या छायाचित्रांचं प्रत्येकाचं वेगळं पाहावं लागतं. संघांची चिन्हं आणि कार्ड कंपन्यांची नावं हे ट्रेडमार्क आहेत आणि वापरात असेपर्यंत ते संपत नाहीत, म्हणून टॉप्स किंवा बोमन हे शब्द किंवा त्यांची चिन्हं माझ्या कार्डांवर कुठेही नसतात. खेळाडूच्या नावावर आणि चेहऱ्यावर त्याच्या वारसांचा हक्क काही राज्यांत मृत्यूनंतरही चालतो, कॅलिफोर्नियात ७० वर्षं, इंडियानात तर १००. तुम्ही मुलासाठी घरात एकेक प्रत करताय, ही गोष्ट निराळी. विकायचा विचार मनात आला तर आधी वकिलाला विचारा. मी विकत नाही.

आता माझ्या आवडीचं, छपाईचं. खऱ्या जुन्या कार्डावर भिंग धरलंत तर चेहरा, आकाश, गवत सगळं चार रंगांच्या ठिपक्यांचं दिसतं. पण नावाभोवतीची काळी रेघ आणि अक्षरं मात्र सलग, भरीव काळी असतात, कारण ती काळ्या प्लेटवर सरळ रेघ म्हणून आलेली असतात. घरच्या प्रिंटरवर नेमकं उलटं होतं. चेहरा गुळगुळीत येतो आणि काळी रेघ चार शाया मिसळून फुगलेली, कडा धुरकट. म्हणून दोन कामं करा. चित्राला हाफटोन द्या, म्हणजे ते ठिपक्यांत मोडा. गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये न्यूजप्रिंट नावाचा फिल्टर आहे. ठिपक्यांच्या ओळींचा कोन निळ्याला १५, किरमिजीला ७५, पिवळ्याला ०, काळ्याला ४५ अंश ठेवा. प्रत्यक्ष आकारात इंचाला शंभरेक रेघांची स्क्रीन पुरते. मग किरमिजी थर केसभर सरकवा. त्या काळी रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, इतकं हलायचंच, आणि ओठांच्या कडेला जी किंचित गुलाबी छटा दिसते ती त्यातूनच येते. दुसरं म्हणजे रेघा आणि अक्षरं वेगळ्या थरावर, शंभर टक्के काळ्यात ठेवा, बाकी तिन्ही रंग शून्य.

कागद ही कार्डाची निम्मी ओळख. चकचकीत फोटोपेपर आणू नका. आपल्याकडे छापखान्यात ज्याला ग्रे बॅक डुप्लेक्स म्हणतात, एका अंगाने पांढरा आणि दुसऱ्या अंगाने राखाडी, तोच पुठ्ठा जुन्या कार्डाच्या सगळ्यात जवळ जातो. अमेरिकेत सुटा मिळायला त्रास पडतो, पण सीरियलचं खोकं त्याचंच असतं. खोकं उलगडून सपाट करा. आतल्या राखाडी बाजूवर मागचा मजकूर छापा, पिगमेंट शाईच्या आणि मागून सरळ कागद घेणाऱ्या प्रिंटरवर. फक्त काळा आणि लाल वापरा, कारण राखाडीवर फिके रंग मळकट दिसतात. जुन्या कार्डांच्या मागेही म्हणूनच गडद रंग आहेत. पुढची बाजू पातळ मॅट कागदावर वेगळी छापून खोक्याच्या रंगीत अंगावर चिकटवा. पाण्याचा गोंद किंवा फेविकॉल नको, कागद ओला होऊन वळतो. दुहेरी चिकट शीट वापरा. कागदाचा आणि पुठ्ठ्याचा ग्रेन (तंतूंची दिशा) एकाच दिशेने येतोय ना ते आधी वाकवून पाहा, नाहीतर कितीही वजन ठेवलंत तरी कार्ड आठवड्याभरात वाकणार. पुढची आणि मागची बाजू जुळवायला चारही कोपऱ्यांच्या कटमार्कमधून बारीक सुई आरपार घाला आणि त्या भोकांवर दुसरी बाजू बसवा. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापायच्या रेघेबाहेरची जादा छपाई, ठेवा. रात्रभर दाबाखाली ठेवल्यावरच कापा. स्टीलची पट्टी कार्डाच्या अंगावर ठेवायची, म्हणजे पातं निसटलं तरी टाकाऊ भागाकडे जाईल. एका दमात कापू नका, पाच-सहा हलके हात मारा. कटर नवा हवा आणि कापायचं काम तुम्ही करा, मुलाकडे देऊ नका.

चहाच्या पाण्याने डागाळणं, कोपरे घासून गोल करणं, घडी पाडणं हे सुचवणारे पुष्कळ भेटतील. मला ते मान्य नाही. १९५२ साली पाकीट फोडणाऱ्या मुलाच्या हातात कोरं करकरीत, भडक रंगांचं कार्ड आलं होतं, आणि तुमच्या मुलालाही तसंच मिळावं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. मुद्दाम जुनं केलेलं कार्ड आज ना उद्या कुणीतरी खरं म्हणून विकतो. त्यासाठी मी प्रत्येक कार्डाच्या मागे, तळाशी, बनवल्याचं वर्ष आणि 'नवीन घडणावळ' असं मजकुराच्याच शाईत छापते. खोडलं तर राखाडी पुठ्ठा सोलवटतो आणि लगेच दिसतं.

पहिला संच सहा कार्डांचा करा: मारबेरी, पेज, कॉन्स्टँटी, विल्हेल्म, ब्लॅक, फेस. शक्य असेल तर मागचा मजकूर दोन भाषांत लिहा. जुन्या कार्डांवर त्याला जागा नव्हती हे खरं, पण आजी-आजोबा वाचणार असतील तर ही एक सूट मी आनंदाने देईन. सातवं कार्ड मुलाचं करायचा मोह होईलच, आणि करावंही. त्याला क्रमांक शेवटचा देऊ नका, पेज आणि फेसच्या जवळपासचा द्या. मागच्या तक्त्यात त्याचे जय-पराजय लिहायची गरज नाही. तो किती वेळा आला, किती धावपटू तळांवर उभे असताना आला आणि त्यातले किती घरी, म्हणजे होम बेसला, पोचू दिले नाहीत, हे त्याच्या प्रशिक्षकाच्या वहीत असेल. ते मागून घ्या.